अर्धी इडली आणि दोन पोटं

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी काचेचं एक जड स्मृतिचिन्ह उभं आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘क्ष-किरण विभागातील प्रदीर्घ व निष्ठापूर्ण सेवेबद्दल’. मी क्ष-किरण विभागात एक दिवसही काम केलेलं नाही.

निवृत्तीच्या कार्यक्रमात शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, मग हे आलं. मी वाचलं आणि व्यासपीठावरच तोंड उघडलं. सूत्रसंचालक म्हणाले, “मॅडम, भावना महत्त्वाची.” मी म्हटलं, “भावना तुमच्याकडं ठेवा, विभाग दुरुस्त करून द्या.” नवीन करायला ते तयार नव्हते, जुनं घ्यायला मी तयार नव्हते. फोटोवाला ताटकळला, चहा गार झाला. शेवटी ‘न्यूक्लिअर मेडिसिन’ असं छापलेली पट्टी वरून चिकटवून देण्यावर सौदा पटला. एप्रिलच्या उन्हात त्या पट्टीचा गोंद सुटला. आता घरी आलेले पाहुणे सोनेरी अक्षरं वाचतात आणि गुडघ्याचा फोटो कुठं चांगला निघतो ते मला विचारतात.

हे दुखणं जुनं आहे. संभाजीनगरातल्या एका दवाखान्यात मी आयुष्य काढलं आणि तेवढा सगळा काळ लोक मला ‘एक्सरेवाल्या बाई’ म्हणत आले. चूक लोकांचीही नाही म्हणा. खात्याचं खरं नाव सांगितलं की माणूस एक पाऊल मागं सरकतो. शेजारच्या काकूंनी तर एकदा विचारलं होतं, “तुमच्या साड्या वाळत घालता, त्या आमच्या बाजूच्या दोरीला लागल्या तर चालतं ना हो?” त्यापेक्षा एक्सरे बरा.

तरी एकदा नीट सांगून टाकते. एक्सरेत किरण बाहेरून येतात, अंगातून आरपार जातात आणि आतल्या वस्तूचा आकार उमटतो. आमचं उलटं. आम्ही किरणोत्सारी औषधाचा अगदी थोडा अंश पेशंटच्या अंगात सोडतो, सुईनं नाहीतर खाण्यातून. ते औषध मूत्रपिंडात, थायरॉइडमध्ये, हृदयात, जिथं पाठवलंय तिथं जातं आणि तिथून किरण बाहेर येतात. आमचा कॅमेरा काहीही सोडत नाही, समोर बसून नुसता बघतो. कुठं पोचलं, किती पोचलं, किती वेळ थांबलं, केव्हा निघालं. एक्सरे तुम्हाला दुकानाची इमारत दाखवील. दुकान चालतं की मालक गल्ल्यावर झोपलाय, ते आम्ही सांगतो.

हा माल मुंबईहून विमानानं चिकलठाण्याला यायचा. शिशाचं डबडं, आत एक नळी. सकाळी एका बाजूनं मिठाचं पाणी घालायचं, दुसऱ्या बाजूनं औषध निघतं. आमच्या धंद्यात त्या डबड्याला गाय म्हणतात आणि त्या कामाला धार काढणं. गाय सोमवारी भरपूर देते, शनिवारपर्यंत आटत जाते. आणि जे दूध निघतं ते दर सहा तासांनी निम्मं होतं. तापवा, फ्रिजमध्ये ठेवा, देव पाण्यात ठेवा, निम्मं होणार म्हणजे होणार.

मला हे शिकवावं लागलं नाही. माझी आई पैठणच्या बाजारात भाजी विकायची. सकाळची मेथी दुपारी वेगळी आणि दिवेलागणीला वेगळी, हे मी परकर घालायच्या वयात शिकले होते. आईचे दोन नियम होते. विकताना, “माल हाय तवर बोल, मंग गप बस.” आणि घेताना, “माल कितीबी चांगला असू दे, पहिल्यांदा तोंड वाकडंच करायचं.” या दोन नियमांवर मी शिक्षण केलं, नोकरी मिळवली, मालवाल्यांशी भांडले, विमानतळावरच्या माणसांशी भांडले. एकदा त्यांनी आमचं डबडं भीतीपोटी गोदामाच्या टोकाला नेऊन ठेवलं आणि भोवती खडूनं रिंगण आखलं. मी रिंगणात उभी राहून सही केली आणि डबडं उचलून चालू पडले, तेव्हा त्यांतला एक जण हात जोडून उभा होता.

पण सगळ्यांत जास्त घासाघीस पेशंटशी. ‘हलू नका’ एवढं सांगायचं असतं, पण मराठवाड्यातलं माणूस ‘हलू नका’ म्हटलं की आधी विचारतं, “किती वेळ?” वीस मिनिटं म्हटलं की दहावर येतं. म्हणून मी तीस सांगायची आणि वीसवर यायची. पेशंट खूश, कॅमेरा खूश.

तर इडलीची गोष्ट.

पोट किती वेगानं रिकामं होतं ते बघायचीही तपासणी असते. जुना साखरेचा आजार असलेल्या माणसांच्या पोटाची हालचाल कधी कधी मंदावते. खाल्लेलं तिथंच बसून राहतं, माणूस दोन घासांत फुगतो, ओकतो. दुर्बिणीतून बघितलं तर सगळं ठीक दिसतं, कारण इमारत ठीकच असते. मग आमच्याकडं पाठवतात. आम्ही इडलीच्या पिठात औषध मिसळतो, वाफवतो आणि पेशंटला खायला देतो. मग तासातासानं कॅमेऱ्यापुढं उभं करून बघायचं, इडली अजून पोटात आहे का पुढं सरकली. चार तासांनी पोट जवळजवळ रिकामं दिसलं पाहिजे.

इडलीच का, तर ती सगळ्यांना सारखी करता येते. तेवढंच पीठ, तेवढंच पाणी, तेवढीच वाफ. ही इडली मी करायची. शिशाच्या काचेआड, हातमोजे घालून, छातीला किरण मोजणारा बिल्ला लावून. माझे यजमान चारचौघांत सांगायचे, “आमच्या हिच्या हातची इडली खायची तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते.”

एका सोमवारी देवगाव रंगारीकडून हमीदमामू आले. लग्नांत नान-खलिया करणारे आचारी. मटणाची देग चढवावी तर मामूंनी, असं त्या भागात सगळे म्हणत. सोबत त्यांचा मेहुणा, बायकोचा भाऊ शब्बीर, बारीक अंगाचा, खिशाला कंगवा. मामूंची साखर जुनी, आणि गेलं वर्षभर त्यांना अन्न जात नव्हतं. देगेसमोर उभे राहिले की पोट ढवळायचं, चव बघितली की उलटी. पोटाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. त्यामुळे घरच्यांनी निकाल लावून टाकला होता की मामूंना काही झालेलं नाही, वय झालंय आणि नखरे वाढलेत. देग आता शब्बीरकडं द्यायची. पुढच्या महिन्यात मामूंच्या पुतणीचं लग्न होतं आणि मामूंनी चुलीजवळ यायचं नाही असं ठरलं होतं. ठरवणारा मुख्य माणूस शब्बीरच.

“वहम है बाई,” माझ्यासमोर तो म्हणाला. “दुल्हाभाईकू कुछ नै हुआ. कागदावर एकदा येऊ द्या, म्हणजे घरात शांतता होईल.”

शब्बीर बाहेर गेल्यावर मामू मला म्हणाले, “बाई, एवढंच सांगा. माझं पोट खोटं बोलतंय का मी?”

मी म्हटलं, “इडली सांगंल.”

इडली समोर ठेवली. मामूंनी ती वळवून बघितली, वास घेतला.

“किसने पकायी?”

“मी.”

“पीठ आंबलं नाय.”

“मामू, ही चवीची नाही, तपासणीची आहे.”

“मीठ बी नाय. बाई, पोट काय आंधळं असतंय व्हय? असलं बघून ते बी दार लावून घेईल.”

माझा पारा चढला. आचारी असाल तुमच्या घरी, म्हटलं; इथं माझी चूल आहे. औषध निम्मं व्हायला लागलंय, दहा मिनिटांत संपवा. ते म्हणाले, अर्धा तास. मी म्हटलं, दहा. ते म्हणाले, चटणी? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग पंधरा. दहावरच ठरलं. वर मी बजावलं, “एक कणही टाकायचा नाही. ताट मला कोरं दिसलं पाहिजे.”

तेवढ्यात फोन वाजला. विमानतळावरून होता, कशाला तरी सही राहिली होती. त्यांच्याशी भांडून परत आले तर ताट कोरं. मी मनात म्हटलं, म्हातारा शब्दाचा पक्का आहे.

मामूंना कॅमेऱ्यापुढं उभं केलं. आमच्या कॅमेऱ्याला मोठ्या तव्यांसारखी दोन डोकी, माणूस मधे उभा राहतो. मामूंना उपाशीपोटी आल्यानं जरा चक्कर येत होती, म्हणून शब्बीरला आत बोलावलं आणि खांदा धरून खेटून उभं केलं. मी पडद्याकडं बघितलं. काळ्या पडद्यावर मामूंचं पोट उजळलेलं दिसलं. त्याच्या शेजारी दुसरं पोट उजळलेलं दिसलं.

इतक्या वर्षांत मी एका माणसाला एकच पोट बघितलेलं. आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग वाटलं इडलीचा तुकडा सदऱ्यावर सांडलाय. मग सहज म्हटलं, “शब्बीरभाई, एक पाऊल बाजूला व्हा.”

दुसरं पोट एक पाऊल बाजूला झालं.

“परत या.”

परत आलं.

मी यंत्र थांबवून बाहेर आले आणि कमरेवर हात ठेवले. “मामू, इडली कोणी खाल्ली?”

“मैं खाया.”

“सगळी?”

मामूंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच काहीतरी असभ्य बोलले. “आधी ह्याला दिली. हा दारात उभा होता बाई. उपाशी माणूस दारात उभा आणि मी एकटा खाऊ? चाळीस वर्षांत मी देगीतला पहिला घास स्वतः खाल्लेला नाय.”

“मी सांगितलं होतं टाकायची नाही.”

“टाकली कुठं? दिली.”

ताट खरंच कोरं होतं.

शब्बीरला आता उमजायला लागलं. “बाई, त्या इडलीत काय होतं?” मी सांगितलं. त्यानं पोटावर हात ठेवला, मग तो हात लांब धरून बघितला. “माझ्या पोटात अणू?” म्हणाला. मग रात्री अंधारात पोट चमकेल का, बायकोला सांगावं का, मोटरसायकलच्या टाकीवर वाकलं तर चालेल का, असं एकामागून एक विचारत सुटला. मी त्याला सांगितलं की अंश फार थोडा आहे, पाणी पी, उद्या सकाळपर्यंत जवळजवळ काही उरणार नाही. हे खरं होतं. त्यानंतर म्हटलं, “पण आता मी सोडीपर्यंत इथंच बसायचं.” हे तितकंसं खरं नव्हतं, पण मला राग आला होता.

आमचे डॉक्टर आले. शांत माणूस. पडदा बघून त्यांनी चष्मा पुसला आणि परत बघितला. म्हणाले, “बाई, हे बाद. अर्धं जेवण म्हणजे तपासणी नाही. घडलं ते लिहून द्या आणि पुढच्या आठवड्यात परत बोलवा.”

बरोबरच होतं. पण मामूंचा चेहरा उतरला. परत यायला घरचे गाडी देणार नव्हते. शब्बीर तर आत्ताच म्हणत होता की बाद म्हणजे काही निघालं नाही, आणि काही निघालं नाही म्हणजे वहम. लग्न तोंडावर. आणि मी आईची पोर. पोटात गेलेला माल फुकट जाऊ देणं माझ्या रक्तात नाही.

“सर, कॅमेरा नुसता बघतोच ना?” मी म्हटलं. “अंगाला काही लागत नाही. इडली आत गेलेलीच आहे. तासातासाला बघू द्या.”

“उपयोग काय?”

“नसेल. पण बघायला काय जातं?”

“दोघांना?”

“दोघांनी खाल्लीय.”

डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग मामूंकडं बघून म्हणाले, “रिपोर्टमध्ये यातलं काहीही जाणार नाही.” मी म्हटलं, कबूल. पुढच्या आठवड्याचीही वेळ त्याच दमात ठरवून घेतली.

मग चार तास ते दोघं बाकावर बसून. तास झाला की मी हाक मारायची आणि मेहुणा-दुल्हाभाई खांद्याला खांदा लावून कॅमेऱ्यापुढं उभे राहायचे, जत्रेतल्या फोटोवाल्यासमोर उभे राहावेत तसे. शब्बीर तर दुसऱ्या वेळेपासून केस विंचरून यायला लागला. पडदा मी त्यांच्याकडं वळवून ठेवला होता.

पहिल्या तासाला शब्बीरचं पोट मंदावलं, मामूंचं होतं तसंच.

दुसऱ्या तासाला शब्बीरचं निम्म्याहून कमी. मामूंचं झळकत होतं.

“दुल्हाभाई, चलाओ ना जरा,” शब्बीर म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात काळजी होती.

“मी काय चालवू? माझ्या हातात आहे व्हय?”

तिसऱ्या तासाला शब्बीरनं पडद्याजवळ जाऊन बोट नेलं. “ये मेरा?” म्हटलं, हो, बोट लावू नका. “और ये इनका?” हो.

चौथ्या तासाला पडद्यावर एकच पोट होतं.

कॅमेऱ्यापुढं शब्बीर होता, त्याचा खांदा होता, खिशाचा कंगवा होता. पडद्यावरचं पोट मात्र अंधारात गेलं होतं, इडली खाली आतड्यात उतरली होती. शेजारी मामूंच्या पोटात माझी अळणी इडली सकाळच्या जागेवर तशीच बसलेली. एकच इडली, एकाच हातची, एकाच वेळी खाल्लेली.

शब्बीरनं टोपी काढली, परत घातली. “दुल्हाभाई,” म्हणाला, “तुम झूट नै बोलरे थे.”

मामू बाकावर बसले. “पोट बी नाय बोललं,” म्हणाले. मग डोळे पुसले आणि लगेच मला म्हणाले, “पण बाई, मीठ नव्हतंच.”

डॉक्टरांच्या लेखी ती तपासणी आजही बाद आहे आणि ते बरोबरच आहे. पुढच्या सोमवारी शब्बीर स्वतः मामूंना घेऊन आला. मी त्याला खालच्या मजल्यावर बसवलं. प्रश्न असा पडला की मामू एकटे खाईनात. समोर माणूस असून त्याला न देता घास उचलायचा नाही म्हणजे नाही. मी ओरडले, त्यांनी ताटली मागं सरकवली. औषध चाललं होतं निम्मं व्हायला. शेवटी मी आमच्या कॅन्टीनमधून साधी इडली मागवली आणि शिशाच्या काचेबाहेर, त्यांच्यासमोर पाट मांडल्यासारखं स्टूल ओढून बसले.

“ही माझी. ती तुमची. आता आपण दोघं जेवतोय. उचला.”

मामूंनी माझ्या ताटलीकडं बघितलं. “तुमच्यात मीठ आहे?”

“नाही,” मी खोटं बोलले.

मग त्यांनी खाल्ली. सगळी. इडली पोटात रेंगाळली, यावेळी नियमाप्रमाणे, आणि रिपोर्टात डॉक्टरांच्या सहीनं आलं. औषधं सुरू झाली, थोडं थोडं आणि पातळ खायचं ठरलं, साखरेवर बंधन आलं. मामू एकदम बरे झाले असं नाही, या दुखण्यातला माणूस एकदम बरा होत नाही. पण उलट्या थांबत आल्या, आणि मामूंना काय झालंय याला आता नाव होतं. नाव मिळालं की घरातले लोक गप्प बसतात. ही गोष्ट मला माझ्या खात्याबद्दल कधी साधली नाही.

पुतणीच्या लग्नाचं बोलावणं आलं. आमच्या घरात मटण चालतं, यजमानांना घेऊन गेले. मंडपामागं देग चढली होती आणि मामू स्टुलावर बसून हातानं दाखवत होते. पळी शब्बीरच्या हातात, तोंड मामूंचं. मला बघताच मामू उठले आणि भोवतीच्या पाहुण्यांना म्हणाले, “हीच ती. एक्सरेवाली बाई.”

मी तोंड उघडणार होते, पण शब्बीर आधी बोलला. “एक्सरे नक्को बोलो दुल्हाभाई. एक्सरे में देग दिखती. बाई तो देग के अंदर पकरा क्या नै, वो देखती.” मी मनात म्हटलं, हेच ते; आज वाटतं, हेच स्मृतिचिन्हावर लिहायला हवं होतं. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. त्यानं मोबाइल काढला. त्या दिवशी पडद्याचा फोटो त्यानं कधी काढून घेतला होता ते मला आजवर कळलेलं नाही. “ये देखो, ये मैं,” तो एकेकाला अंधारातली रिकामी जागा दाखवत होता. “चार घंटे में साफ. डॉक्टर के मशीन में पास हुआ मैं.” पाहुण्यांची रांग लागली. नवरदेवाच्या चुलत्यानं तर आपल्या पोटाचं काय ते बघायला मला जरा बाजूला यायला सांगितलं.

मामूंनी देगेवरचं झाकण सरकवलं, वाटीत खलिया काढला आणि नानचा तुकडा बुडवून पहिला घास माझ्यापुढं धरला. स्वतः आधी खायचा नाही, हे मला माहीत होतंच. मी खाल्ला. तसं मटण मी आयुष्यात खाल्लेलं नाही. पण आईनं शिकवलेलं कुठं जातंय, आणि त्या इडलीचा हिशेब बाकी होताच.

“मीठ कमी आहे,” मी म्हटलं.

शब्बीरची पळी देगेतच राहिली. मामूंनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि झाकण परत ओढलं.

“आत्ता नक्को बोलो बाई,” म्हणाले. “एका घासात काय कळतं? चार तास बसा, मग सांगा.” आणि मागं वळून हाक मारली, “अरे, एक्सरेवाल्या बाईंना खुर्ची आणा.”

खुर्ची आली. मी बसले.